स्टोइमेनच्या संहितेवर पाय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझी मावशी रुमिआना खोटं बोलणारी बाई नाही, आणि हे तिच्या डोळ्यांदेखत घडलंय.

आमच्या व्रात्सा गावातलं बाहुली-नाट्याचं जुनं थिएटर; मावशी तिथेच काम करते. गेल्या नोव्हेंबरातला रविवार, सकाळची तालीम.

पोलंडच्या मंडळींबरोबर मिळून नाटक बसत होतं. त्यांची बोग्ना म्हणजे पंचविशीची पोरगी. तिच्या हातात आली की बाहुली श्वास घ्यायची. मावशीचा तिच्यावर फार जीव.

त्या दिवशी बोग्ना आपली संहिता हॉटेलवर विसरली. मावशीने तिला कपाटातली, थिएटरातल्या म्हाताऱ्या नटाची, स्टोइमेनची प्रत दिली. स्टोइमेन उन्हाळ्यातच वारला होता. जिवंतपणी तो त्या प्रतीला कुणाला बोटही लावू देत नसे.

ती प्रत बोग्नाच्या हातून पडली.

आमच्याकडे संहिता पडली की नट आधी तिच्यावर बसतो, मगच उचलतो. नाहीतर नाटक पडतं म्हणतात.

बोग्नाने मात्र पाय उचलला.

"अगं बये, बस तिच्यावर," मावशी म्हणाली.

"आमच्याकडे तुडवतात, ताई. तुम्हाला काय, बसायला निमित्तच हवं."

सगळे हसले. तिने दणादण टाच आपटली.

मग रंगमंचाच्या खालून...

धप्प.

खाली कुणी नव्हतं. तळघराला कुलूप होतं.

बोग्नाचा उजवा हात हवेत होता. कशालाही टेकलेला नव्हता. त्याची करंगळी... उलटी वळली आणि काडकन मोडली.

धप्प.

शेजारचं बोट. हाड कातडी फाडून बाहेर आलं. तिच्या डाव्या हातातल्या बाहुलीच्या पांढऱ्या तोंडावर रक्त उडालं. बोग्ना गुरासारखी ओरडत कोसळली.

मावशी धावली आणि संहितेवर बसली.

आवाज थांबला.

पण तिच्याखालचे कागद उबदार होते... आणि हळूहळू वरखाली होत होते.

अँब्युलन्स आली. "ताई, चल ना माझ्याबरोबर," बोग्ना रडत म्हणाली.

"नाही गं. मी उठले तर तुझा अख्खा हात जाईल."

लोकांना वाटलं, बाईला वेड लागलं. ते पोरीला घेऊन गेले. मावशी दिवसभर पाण्याच्या घोटाशिवाय तशीच बसून राहिली. एकटी.

संध्याकाळी दिग्दर्शक क्रुमचा हॉस्पिटलातून फोन आला. "ऑपरेशन झालं. बोटं वाचली. आता ऊठ बाई, घरी जा."

मावशीला रडूच फुटलं. ती कण्हत उठली.

फोन अजून कानालाच होता. क्रुम काहीतरी बोलत होता, तेवढ्यात त्याच्यामागून बोग्नाची किंकाळी आली... आणि काड, काड, काड.

मावशी झटकन पुन्हा खाली बसली. कागद गार पडले होते.

बोग्ना आता परत पोलंडात, लुब्लिनला, मुलांना बाहुल्या नाचवायला शिकवते, डाव्या हाताने. ती मावशीला दोष देत नाही.

मावशी मात्र अजून विचारते, "आणखी किती वेळ बसायला हवं होतं रे?"