राखणीला मागितलेला जोडीदार

देवगडजवळच्या कलमबागेत वर्षाची राखण द्यायची होती, म्हणून सुदेश त्या दुपारी गावातल्या जाणत्या भाईकाकांबरोबर कोंबडा आणि नारळ घेऊन निघाला. मागून बायको रसिका आणि भावकी. राखण म्हणजे जमिनीच्या राखणदाराचा मान. तो दिसत नाही, पण बांधावरून फिरतो, विडी ओढतो, घरच्यांवर नजर ठेवतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सुदेशचं मात्र सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

सुदेशला बुद्धिबळाचं वेड. कित्येक वर्षं ऑनलाइन खेळूनही त्याचं रेटिंग अठराशेच्या पुढे सरकायला तयार नव्हतं. ओपनिंग पाठ, कोडी रोज सोडवलेली, हरलेले डाव तपासलेले. तरी ऐन वेळी घाई करून घोडा घालवायचाच. कळतं पण वळत नाही, त्यातली गत. एवढं करून आपण इथेच कुजणार, या विचाराने त्याला झोप लागेनाशी झाली होती. जेवतानाही त्याची बोटं ताटाच्या कडेवर चाली करत असायची.

भाईंनी राखणदाराला गाऱ्हाणं, म्हणजे घरादारासाठीचं मागणं, घातलं. प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. शेवटी सुदेश हसत पुढे झाला.

"आणि माका माझ्यापरास बरो जोडीदार दी म्हाराजा. माझो खेळ सुधरांदे."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं.

भाईंचा चेहरा उतरला. "अरे, मागलंस, पण बदल्यात काय देतलंस ता सांगूक नाय. असा कोण मागता?"

"देवया काय तरी मागसून, घाई काय?"

"आता तो मागात ता देवचा लागतला," भाई म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर फोनवर एका बिननावाच्या खेळाडूचं आमंत्रण आलं. तासाभराचा डाव. एरवी सुदेश असले लांब डाव टाळायचा, पण आज खेळला आणि सावकाश, एकेक प्यादं गमावत हरला. मग पटाखाली अक्षरं उमटली.

"घोडो थंय कित्याक घातलंस? तू आपलीच चाल बघतंस. माका काय होया, ता बघूक नाय."

सुदेशने ते दोनदा वाचलं. आपण मालवणी, हे याला कोणी सांगितलं? पण सल्ला खरा होता. इतक्या वर्षांत एवढी नेमकी चूक त्याला कोणी दाखवली नव्हती. दुसऱ्या दुपारी तो स्वतःहून वाट बघत बसला.

मग रोजचंच झालं. खेळ सुरू झाला की बंद खोलीत ओल्या पाचोळ्याचा आणि विडीचा वास यायचा. घरात विडी ओढणारं कोणी नव्हतं. समोरची वेताची खुर्ची हळूच करकरायची. सुदेश मान वर करायचा नाही; रेटिंग चढत होतं ना! चालींच्या मधे तो जोडीदार बारीकसारीक विचारायचा. जेवणाक काय होता? निजतंस खंय? घरकारीण तुका काय म्हणान हाक मारता? डावात बुडालेला सुदेश खरं तेच लिहून टाकायचा.

ज्या दुपारी रेटिंग दोन हजारांवर गेलं, त्या दुपारी तो आनंदाने मागीलदारी जाऊन तोंड धुऊ लागला. रसिका स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि थबकली.

"अहो, तुम्ही हंय? मग भितरसून पाणी कोणी मागल्यान? तुमचोच आवाज होतो."

सुदेशच्या हातातला तांब्या सुटला. समोरच्याला काय हवंय, हे तो पटावर रोज बघत होता. याला काय हवंय, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तो धावत आत गेला. नवा डाव लागलेला होता. मिळालेलं सगळं परत करायचं, हरायचं, असं ठरवून त्याने वजीर समोरच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. समोरच्याने तो घेतला नाही. हत्ती दिला. तोही घेतला नाही.

त्याने लिहिलं, "तुका काय होया?"

पटाखाली अक्षरं उमटली.

"बरो खेळूक लागलंस. आता वायच भायर जावन ये."

फोन तिथेच टाकून सुदेश भाईंकडे पळत सुटला. गाऱ्हाणं पुन्हा घालू, दोन कोंबडे देऊ, कलमं देऊ, पण काय ते कबूल करून टाकू! भाईंनी सगळं ऐकलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"डाव अर्धो टाकून इलंस? आणि तुझ्या जाग्यार कोण बसलो?"

सुदेश मागे फिरला. ऊन लख्ख होतं, बागेत पान हलत नव्हतं. घराचं दार नुसतं लोटलेलं. त्याने ते ढकललं. रसिका ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि पदर सावरला.

"कोण होया तुमका?"

"रसिका... मी..."

"ते भितर खेळतत. आता उठूचे नाय."

आतल्या खोलीत वेताची खुर्ची मागे सरकली. आणि सुदेशच्याच आवाजात कोणीतरी विचारलं,

"कोण इलो गो?"