सांध्यातला अंगठा

मी मोजल्याशिवाय काही मानत नाही. ओव्हरसियरच्या नोकरीत ही खोड जडतेच. म्हणून आधी मापं सांगतो. वेंगुर्ल्याच्या बंदरामागच्या चढावर, काजूंच्या झाडीत वलंदेजांची, म्हणजे डच व्यापाऱ्यांची, चार थडगी होती. त्यांतल्या तिनांची केव्हाच माती झालेली. चौथं जांभ्या चिऱ्यांचं, वर घुमटी, उंची अकरा फूट, आणि समुद्राकडे तीन इंच कललेलं. हे १९५८च्या फेब्रुवारीतलं माप, माझ्याच ओळंब्यानं घेतलेलं.

वरून हुकूम होता की मेअखेर थडगं सरळ आणि धड झालं नाही तर पाडायचं आणि चिरे धक्क्याच्या रस्त्याला वापरायचे.

कामावर पिंगुळीचे दाजी गवंडी होते. वय सत्तर. उजव्या अंगठ्याच्या पेरावर छिन्नीच्या जुन्या घावाची फुगीर फुली. पाणी वाहायला हौसाबाई. दाजींच्या आज्यापणज्यांनी हेच थडगं वेळोवेळी डागडुजी करून उभं ठेवलं होतं. ते आपल्या हातून पडलं तर वर गेल्यावर त्यांना कुठलं तोंड दाखवू, असं दाजी हौसाबाईला सांगत होते. मला तेव्हा हसू आलं.

दाजींना चुना हवा होता. घाई मला होती, म्हणून मी सिमेंट भरायला लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट सांध्यांतून बाहेर आलेलं. फुटून पडलेलं नव्हे. लांबच्या लांब पट्ट्या कुणी अलगद काढून गवतावर ओळीनं मांडल्या होत्या. गावातल्या पोरांना मनसोक्त शिव्या घालून मी पुन्हा भरून घेतलं आणि स्वतः राखण बसलो. पुन्हा तेच झालं. कोणी आलं नव्हतं.

"सायबानू, जांभो श्वास घेता," दाजी म्हणाले. "सिमिटान तो घुसमाटता. माका पंधरा दिस द्या."

दिले. दुसरं करणार काय? शिंपल्यांचा चुना भिजला, गुळाच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मळला गेला. दाजी रोज त्यातला कण जिभेवर ठेवायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. अकराव्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही.

आतली पोकळी तपासायला मी एक सैल चिरा काढायला लावला. भर दुपार होती. बॅटरी पेटवून आत डोकावलो.

आत गारवा होता. ओल्या चुन्याचा वास होता. आणि काम असं की मी जन्मात तसं पाहिलं नव्हतं. एकेक सांधा केसाएवढा, पांढराशुभ्र, कुठे तडा नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवत नाही. मग सांध्यांवर अंगठ्यांचे ठसे दिसले. एकाखाली एक, अकरा. घुमटीला दार नव्हतं, खिडकी नव्हती. सगळ्यांत खालच्या ठशाला बोट लावलं. चुना ओला होता.

दाजींना विचारलं. ते म्हणाले, शेवटचा सांधा भरला की गवंड्यानं त्यावर अंगठा दाबायचा, ही त्यांच्या घरची चाल. बाहेरचा ठसा पावसात धुऊन जातो.

"आणि हे आतले?"

"आमी भायरसून दाबतो. आतसून कोण दाबता, ता आमी कधी इचारूक नाय."

चिरा बसवला. सांधा भरला. दाजींनी अंगठा दाबला.

चुना आत गेला नाही. अंगठाच हळूहळू मागे सरकला. दाजींनी हात काढला नाही, डोळे मिटून उभे राहिले. हौसाबाईनं पदर डोक्यावर ओढून हात जोडले.

मी ओळंबा सोडला. मग चारही बाजूंनी सोडला. कलाचे ते तीन इंच आता उरले नव्हते.

दगडावर तळहात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. भीती अशी वाटली नाही. आपण फार लहान आहोत एवढंच कळलं, आणि त्याचा आनंद झाला. रिपोर्टात मात्र 'दुरुस्ती पूर्ण' एवढंच लिहिलं.

दाजी त्याच वर्षी पावसाळ्यात वारले. पिंगुळीला त्यांच्या चितेवर मी स्वतः लाकूड ठेवलं.

सहासष्ट साली पिंपळाच्या मुळीनं तोच चिरा सैल केला. मला बढती मिळाली होती; पाडायचं की ठेवायचं, हे आता मी ठरवणार होतो. लवू नावाचा नवा गवंडी सिमेंट घेऊन आला. मी ते परत पाठवलं. पंधरा दिवस चुना मळवून घेतला आणि रोज त्याचा कण स्वतःच्या जिभेवर ठेवला.

मग चिरा काढून आत पाहिलं.

ठसे बारा होते.

बाराव्यात फुली होती. तिच्या कडा अजून ओल्या होत्या.

लवूनं चिरा बसवला, सांधा भरला. त्याला चाल माहीत नव्हती. मी अंगठा टेकवला.

आतून दाब आला. किती वेळ तसा उभा होतो, ते मोजलं नाही. चुन्याच्या पातळ थरापलीकडे ती फुली माझ्या अंगठ्याला लागत होती.