पाठीखालचा हात

तरणतलावाच्या दारातून आत आलेल्या त्या तरुणाने खुंटीवर टांगलेल्या पिवळ्या रेनकोटला अदबीने विचारलं, "मॅडम, मोठ्यांची बॅच इथेच ना?"

रेनकोट काही बोलला नाही. दोन पावलांवर उभ्या असलेल्या खऱ्या मॅडमला मात्र हसू आवरेना.

"मॅडम इकडे आहेत," ती म्हणाली. "चष्मा बाहेर ठेवून आलात वाटतं?"

तो आवाजाच्या दिशेने वळला. डोळे बारीक करून बघत राहिला, मग स्वतःच हसला. "माझं चष्म्याचंच दुकान आहे. आता हवं तेवढं हसून घ्या."

ती खेळाचं प्रशिक्षण देणाऱ्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संध्याकाळी मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. बॅचमध्ये निवृत्त पोस्टमास्तर काका होते, बँकेतल्या दोघी मैत्रिणी होत्या, आणखी चार-सहा जण होते. सगळे तिला कोचताई म्हणत. चष्मेवाला एकटाच नुसतं 'कोच' म्हणे. एकदा काकांनी टोकलंच, "अहो, ताई म्हणा की."

"म्हटलं असतं काका," तो गंभीरपणे म्हणाला, "पण घरी दोन ताया आहेत. तिसरी झेपायची नाही."

काका मिशीतल्या मिशीत हसले. तिने काही कारण नसताना शिट्टी वाजवली.

पाण्यावर उताणं तरंगणं हा पहिला धडा. कंबरभर पाण्यात उभी राहून ती एकेकाच्या पाठीखाली तळहात धरायची आणि तोंडाने सूचना चालू. "मान सैल सोडा, कान बुडू द्या, पोट वर... गुडघे, गुडघे वाकवू नका." हळूहळू सगळे तरंगायला लागले आणि फोमची फळी धरून पाय मारणाऱ्यांच्या रांगेत गेले. चष्मेवाला मागेच राहिला. तिने हात काढला की हा दगडासारखा तळाला.

पण पाठीवर पडल्या पडल्या बोलायला मात्र उत्साह दांडगा.

"कोच, वर काय आहे? मला नुसता पांढरा ढग दिसतोय."

"ट्यूबलाइट."

"आणि तुम्ही... कशा दिसता? मला इथे फक्त आवाज ऐकू येतो."

"आवाज चांगला आहे, तेवढ्यावर भागवा. पोट वर."

घरी जाताना आपण बसमध्ये एकट्याच हसतोय, हे एक-दोनदा तिच्या लक्षात आलं. तिने पर्स उघडून उगीच काहीतरी शोधल्यासारखं केलं.

मग एक दिवस तिचं शिकवणं बघायला कॉलेजातले सर आले. तासभर बाकावर हाताची घडी घालून बसले. बॅच गेल्यावर त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"तुझं तुला काय वाटलं?"

"बरं झालं, सर. एक चष्मेवाला सोडला तर महिनाभरात सगळे तरंगायला लागले."

"पोहणं तुला पक्कं येतं, त्यात वाद नाही," सर म्हणाले. "पण तू बोलतेस फार. माणसाचे कान पाण्याखाली आणि वर तुझं व्याख्यान. आणि तो हात... बाई गं, माणसाला पाणी उचलतं, आपण नाही. तो चष्मेवाला महिनाभर तुझ्या हातावर झोपलाय. पंधरा दिवसांनी मी परत येतो. तोवर तो तरंगला नाही, तर पुढच्या सत्रात हे शिकवणं तुला पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

तिचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन तिने आईसमोर सरांचा उद्धार केला. इतकी मेहनत करते ते दिसलं नाही, नेमका एक हात दिसला.

आई कपड्यांना इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो म्हणतात. तुला आला तर नवल काय."

"म्हणजे सर बरोबर?"

"ते मला काय माहीत? चुकीचं असतं तर तू हसून सोडून दिलं असतंस. तू जेवली नाहीस, म्हणून म्हटलं."

दुसऱ्या दिवशी तिने ठरवून तोंड मिटलं. एक सूचना द्यायची आणि गप्प बसायचं. इतरांचं काही अडलं नाही. उलट पोस्टमास्तर काका म्हणाले, "आज पाण्याचा आवाज ऐकू आला, कोचताई." तिला ते लागलं, पण पटलंही.

चष्मेवाला पाठीवर पडून वाट बघत होता. शेवटी म्हणाला, "आज रेडिओ बंद?"

"तुमच्यामुळेच बंद आहे." मग तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. सर, व्याख्यान, पुढचं सत्र. "तुम्ही तरंगत नाही ही माझीच चूक. मला शिकवता आलं नाही."

तो पाण्यात झटकन उभा राहिला. चेहरा उतरला होता.

"कोच... मी तरंगतो."

"काय?"

"बरेच दिवस झाले. तुम्ही हात काढलात की मी मुद्दाम अंग सोडून बुडायचो. तरंगलो असतो तर तुम्ही हातात फळी देऊन काकांच्या मागे उभं केलं असतंत. मग आपलं बोलणं..." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "तुमचं नुकसान होईल हे डोक्यातच आलं नाही."

तिचे कान तापले. ती इतकंच म्हणाली, "फळ्या तिकडे ठेवल्यात. उचला एक आणि रांगेला लागा."

तीन-चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. तो निमूट पाय मारत राहिला. मग सरांनी तिला कॉलेजात बोलावून घेतलं.

"तुझा चष्मेवाला आला होता इथे," सर म्हणाले. "दुकान बंद ठेवून आला. सगळा दोष माझा, त्यांचं वर्ष खराब करू नका, म्हणाला. घाम फुटला होता बिचाऱ्याला." सर क्षणभर हसले, मग थांबले. "तरी माझं म्हणणं बदलत नाही. त्याने फसवलं, कबूल. पण तुझा हात होता ना पाठीखाली? पाठ हलकी झालेली हाताला कळत नाही?"

बसमध्ये बसल्यावर तिने खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. हाताला कळलं होतं. एका संध्याकाळी तळव्यावरचं वजन अचानक निघून गेलं होतं, पाणीच त्याला धरून होतं, आणि तिने... तिने हात आणखी थोडा वेळ तिथेच राहू दिला होता. मग 'पोट वर घ्या' म्हणाली होती, पोट वर असताना. राग त्याचा येत होता की स्वतःचा, तिला सांगता येईना.

सर ठरल्याप्रमाणे आले. त्या दिवशी चष्मेवाल्याला तलावाची रुंदी पार करायची होती. त्याने तिच्याकडे बघितलं, म्हणजे पलीकडच्या काठावर ती असेल अशा अंदाजाने बघितलं. "सावकाश या," ती म्हणाली. तेवढंच.

अर्ध्यात त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. हात वेडेवाकडे पडले. तिचा पाय काठावरून पुढे सरकला. सूचना ओठांवर आली, दहा सूचना आल्या. तिने ओठ घट्ट मिटले आणि नजर त्याच्यावरून हलू दिली नाही. तो गिरकी घेऊन उताणा झाला. तरंगत पडला. दोन मोठे श्वास घेतले, परत पालथा झाला आणि हात मारत मारत काठाला येऊन लागला. काकांनी टाळ्या वाजवल्या.

सर उठले. जाताना तिच्यापाशी थांबून म्हणाले, "आज शिकवलंस."

बॅच पांगल्यावर तो फाटकाशी उभा होता. केस ओले, डोळ्यांवर चष्मा. ती जवळ आली तसा बोलायला लागला. "माफी मागायला थांबलोय. मी जे केलं ते—"

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"तुम्ही तरंगताय ते. हाताला कळलं होतं." तिने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "मीच काढला नाही."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत चढवला.

"आजपासून तुम्ही माझ्या बॅचमध्ये नाही," ती म्हणाली. "पुढचं सगळं दुसरे कोच शिकवतील. ते फार ओरडतात."

"आणि आपण?"

"आपण..." तिला हसू फुटलं. "आपण आता कुठेतरी कोरड्या जागी भेटू. रविवारी चालेल?"

"रविवारी दुकान उघडं असतं," तो म्हणाला, आणि जीभ चावली. "नसतं. या रविवारपासून नसतं."