पाचवा नट

पटो न पटो, हे माझ्याच बाबतीत घडलंय. तेही भर दुपारी, एक वाजून गेल्यावर, बसच्या वर्कशॉपमध्ये. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी हे वाचाच.

मी बसचा मेकॅनिक. माझा दादा ड्रायव्हर. त्या दिवशी दोन वाजता तो पन्नास माणसं घेऊन डोंगर उतरणार होता. त्याच्या बसची पुढची दोन्ही चाकं मी बसवत होतो.

आमच्याकडे एक रीत आहे. एकाने नट आवळायचे, दुसऱ्याने प्रत्येक नटावर छोटी हातोडी मारायची. घट्ट नट टण्ण वाजतो, सैल नट ठक्क. स्वतः आवळलेलं स्वतः तपासायचं नाही, कारण आपलं काम आपल्याला चांगलंच वाटतं. तपासायचे मिस्त्रीकाका. महाखडूस माणूस! पण त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही.

काका जाऊन महिना झाला होता.

सगळे जेवायला गेलेले. मापाचा पाना कुणीतरी ढापलेला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मरू दे, एक नंबर मोठ्या पान्याने भागवू. तो नटावर खुळखुळत होता, दोनदा सटकलासुद्धा. तरी उजवं चाक उरकलं. मग मापाचा पाना बाकाखाली सापडला आणि मी डाव्या चाकाशी बसलो.

तेवढ्यात पलीकडून... टण्ण.

माझा हात थांबला.

टण्ण... टण्ण... टण्ण...

“कोण आहे रे? जेवण झालं एवढ्यात?”



मग... ठक्क.

“माझी फिरकी घेतोस काय!” म्हणत मी तावातावाने पलीकडे गेलो.

कुणीच नव्हतं. हातोडीही नव्हती.

पाचव्या नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला.

दरदरून घाम फुटला. पाना सटकला होता आणि मी शहाणा समजलो होतो, नट बसला! मापाच्या पान्याने दोन्ही चाकांचे सगळे नट पुन्हा आवळले.

दादा आला. “काय रे, तोंड का उतरलंय? चाकं झाली ना?”

“झाली.”

“मग सरक की बाजूला!”

तो सीटवर बसला. गाडी सुरू केली.

आणि... ठक्क.

चाकातून नाही. वरून. ड्रायव्हरच्या सीटकडून.

मी ओरडलो. तोवर बस फाटकाबाहेर गेली होती.

सांगायला लाज वाटते, पण मी फाटकापाशी बसून रडलो. सात वाजता दादा सुखरूप परत आला. त्याला गप्प उभं करून मी सगळ्या चाकांचे नट ठोकून पाहिले. सगळे टण्ण.

दादा हसायला लागला. “वेडा आहेस. आणि हो, निघताना छातीवर काहीतरी लागलं बघ. हलकंच. किडा असेल.”

त्याने शर्टाचं बटण काढलं. डाव्या बाजूला, हातोडीच्या तोंडाएवढा, गोल लाल डाग.

दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. दादा माझी टिंगल करतो. सुट्टी घे म्हटलं तर अंगावर येतो.

डाग अजून गेलेला नाही.

उद्या सकाळी त्याची पुन्हा डोंगराची फेरी आहे.