बुजवलेली मडकी

बायको चार महिने अंथरुणाला खिळलेली. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा गवंडी मेव्हण्याला घेऊन टेकडीवर निघाला. सकाळचं ऊन होतं. पिशवीत छिन्नी, हातोडा आणि पाण्याची बाटली.

वरच्या पडक्या देवस्थानाला छप्पर नव्हतं. उरली होती एक उंच भिंत, आणि तिच्यात चिणलेली मातीची मडकी. तोंडं बाहेर, पोटं आत. आजाऱ्याला घरात जशी हाक मारतो, तशीच तिथे मारायची. हाक परत आली की माणूस उठतं, असं जुनी माणसं सांगत. गेल्या वर्षी डागडुजीचं काम याच गवंड्याकडे आलं. त्याला वाटलं, ही तर पाखरांच्या घाणीची भोकं. त्यानं एकेक तोंड चुन्यानं असं बुजवलं, की सांधा शोधून सापडू नये. मुकादमानं पाठ थोपटली होती.

"दाजी, तुमचा हातच फार चांगला," मेव्हणा म्हणाला. "जरा कच्चं काम केलं असतं तर आज हे ओझं वाहावं लागलं नसतं."

दोघं थोडे हसले. मग भिंतीकडे वळले.

गवंड्यानं बायकोला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती. तो घसा खाकरून म्हणाला, "अगं, ऐकलंस का?"

आवाज भिंतीला लागला आणि तिथेच विरला.

मग त्यानं छिन्नी लावली. चुन्याचा पहिला लपका सुटला तसा आतून कोंदट वास आला, वर्षभर न उघडलेल्या खोलीसारखा. पाठोपाठ एक म्हातारा आवाज, अगदी हळू. "बाळा..." मग एक लहान मूल कुणा आईला बोलवत राहिलं. मेव्हण्यानं आवाज ओळखले. हा म्हातारा शिंपी, त्याचा मुलगा पावसाळ्यात गेला. हे खालच्या आळीतलं पोर, त्याची आईही गेली. वर्षभर लोकांनी मारलेल्या हाका होत्या त्या. ज्यांच्यासाठी मारल्या, त्यातलं कुणीच वाचलं नव्हतं.

"मला काय ठाऊक होतं रे..." गवंडी पुटपुटला.

मेव्हणा त्याला ओढू लागला. पण इतकं चढून आलेल्या माणसाचा पाय निघेना. त्यानं मडक्याला तोंड लावलं आणि पुन्हा तीच हाक मारली.

परत यायला हवा होता त्याचाच आवाज. आला तो तिचा. धापा टाकत, चढण चढून आल्यासारखा.

"आले हो... थांबा जरा."

दोघं धडपडत उतरले. घराच्या दारात शेजारची मावशी बसली होती. तिनं मान खाली घातली. म्हणाली, चांगली पडून होती रे, एकाएकी उठून बसली. हाक मारताहेत म्हणाली, आणि कलंडली.

गवंडी आत जाऊन बायकोच्या पायाशी बसला. चार महिने जमिनीला न लागलेले ते पाय त्यानं मांडीवर घेतले. तळवे धुळीनं भरले होते, आणि कपड्याच्या काठाला हिरवी, ताजी कुसळं चिकटली होती.