जामीनदाराशी नाते

पर्णिका दळवी आणि वरद चौबळ यांची पहिली खरी भेट एका रांगेत झाली, आणि त्या रांगेत ते दोघेच होते.

दुबईच्या अल क्वोज भागात ते दोघे नोकरी करत त्या कारखान्यात इमारतींच्या दर्शनी भिंतींसाठी ॲल्युमिनियमच्या चौकटी तयार होत. २००८ची मंदी आली, इमारती अर्ध्यावर थांबल्या, आणि रजेवर गेलेली माणसे परत येईनाशी झाली. पासपोर्ट पूर्वीपासूनच कंपनीच्या तिजोरीत राहत असत. आता मालकाने त्यावर आणखी एक नियम बसवला. रजेसाठी ज्याला पासपोर्ट हवा असेल त्याने एका सहकाऱ्याला जामीन ठेवावे. गेलेला माणूस परतला नाही, तर जामीन राहिलेल्याची नोकरी जाईल. तेव्हापासून कारखान्यातील मैत्री फार सावध झाली होती. २०१०च्या मार्चमधील त्या दुपारी वरद पाच जणांकडून नकार घेऊन आला होता, आणि पर्णिका सात जणांकडून.

ती वरच्या मजल्यावर नकाशे काढी. तो खालच्या मजल्यावर, रखडलेल्या कामांविषयी ठेकेदारांना न संपणारी पत्रे लिही. दोन वर्षांत जिन्यावरील नमस्कारापलीकडे त्यांची ओळख गेली नव्हती. पासपोर्टची तिजोरी सांभाळणाऱ्या मुश्ताकने दोघांचे रिकामे अर्ज पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि दोन्ही अर्जांची अदलाबदल करून ते त्यांच्यापुढे सरकवले. “एक दूसरे के लिए साइन कर दो. चलो, यल्ला, खलास.”

वरदने अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पर्णिकेने तोवर सही करून टाकली होती.

“तुम्ही न वाचता सही करता?” त्याने विचारले.

“वाचून केली असती तर केलीच नसती.”

अर्जात एक रकाना होता – ‘जामीनदाराशी नाते’. इतर लोक तेथे ‘मित्र’ असे लिहून मोकळे होत. वरदने क्षणभर विचार केला आणि दोन्ही अर्जांवर आपल्या रेखीव अक्षरांत लिहिले – ‘काही नाही’. ते खरेच होते; तरीही पर्णिकेला ते उगीच लागले. रजेच्या कारणापुढे दोघांनीही ‘वैयक्तिक’ असे लिहिले होते, आणि कोणी कोणाला काही विचारले नाही.

गुरुवारी संध्याकाळी, दुबईच्या बंदरावर, हेवी मेटल संगीताच्या जलसफरीला निघालेल्या, काळ्या सदऱ्यांतील, दाढ्या वाढवलेल्या, अंगभर गोंदलेल्या दीड हजार लोकांच्या गर्दीत पर्णिकेला एक इस्त्रीचा आकाशी शर्ट दिसला. त्या शर्टाच्या बगलेत बांधणी सुटलेले एक जुने मराठी निबंधांचे पुस्तक होते.

“चौबळसाहेब... तुम्ही? हेवी मेटलला?”

तो पुरता गोंधळला. अबू धाबीला राहणारा त्याचा चुलतभाऊ सुजीत पाय मोडून पडल्यामुळे त्याचे तिकीट आपल्याकडे आले, असे त्याने सांगितले. मग एकदम थांबून म्हणाला, “म्हणजे आपण एकमेकांचे जामीन आहोत, आणि दोघेही एकाच जहाजावर आहोत.”

“जहाज बुडालं तर मुश्ताकची नोकरी जाईल,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला हसताना तिने पाहिले. हसताना तो चष्मा काढून हातात धरी, जणू हसणे हे सावकाश करायचे काम होते.

जहाज मस्कतपर्यंत जाऊन सोमवारी पहाटे परतणार होते, आणि वाटेत वीस वाद्यवृंद वाजणार होते. पुण्याच्या महाविद्यालयात पर्णिकेने तीन वर्षे ड्रम वाजवले होते. अशा जहाजावरील तिची ही दुसरी फेरी. नवख्याला असे वाऱ्यावर सोडणे तिला प्रशस्त वाटेना. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर तिने एका कागदावर नऊ सूचना लिहून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने पेन काढले. तो वाचताना पेन काढतो, हेही तिने मनाशी टिपून ठेवले.

पहिलीच सूचना त्याला पटली नाही. कानांत बोळे घाला, असे तीत म्हटले होते. “जे ऐकण्यासाठी माणूस इतका खर्च करतो, ते ऐकू येऊ नये अशी व्यवस्था त्याने स्वतःच करायची?”

“आज कमी ऐकू यावं म्हणून नाही हो. उद्याही ऐकू यावं म्हणून.”

त्याने ती ओळ पुन्हा वाचली आणि तिच्यापुढे बरोबरची खूण केली. ती खूण मिळवताना तिला परीक्षा पास झाल्यासारखे वाटले, आणि त्याचा तिला थोडा रागही आला. पुढच्या सूचनांवरून त्यांची अशीच लढाई झाली. स्पीकरसमोर उभे न राहता ध्वनिनियंत्रकाच्या मागे उभे राहा, कारण तो सारे आवाज स्वतःच्या कानांसाठी जुळवत असतो – हे त्याने तत्काळ मान्य केले. त्यात तर्क होता. पायांत बंद बूट घाला, दुपारी तासभर झोपा, बोट हलू लागल्यास आल्याचा तुकडा चघळा आणि क्षितिजाकडे पाहा. मान झटकू नका, कमरेतून झुला, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणाकडेही वळून पाहता येणार नाही. सातवी सूचना होती – गर्दीत कोणी पडला तर सर्वांनी थांबून आधी त्याला उचलायचे.

“हा नियम हे लोक पाळतात?” त्याने शेजारच्या टेबलावरील, कवट्यांची माळ घातलेल्या एका धिप्पाड गृहस्थाकडे पाहिले. तो गृहस्थ सुरीने सफरचंदाची साल काढत होता.

“आपल्या ऑफिसपेक्षा जास्त.”

आठवी सूचना – समुद्रावर फोन चालत नाही, म्हणून भेटीची एक जागा ठरवून ठेवा. त्यांनी पाचव्या मजल्यावरील जिन्याशी असलेले पितळी घड्याळ ठरवले. नववी तिने दोनदा अधोरेखित केली होती – किनाऱ्यावर उतरलात तर वेळेआधी तासभर परत या. जहाज कोणासाठीही थांबत नाही.

शुक्रवारी दुपारी, उघड्या डेकवर, खारट वाऱ्यात आणि कडक उन्हात पहिला वाद्यवृंद वाजू लागला, तेव्हा वरदला तो आवाज कानांआधी बरगड्यांत जाणवला. तो आज्ञाधारकपणे ध्वनिनियंत्रकाच्या मागे उभा राहिला. समोर पर्णिका होती. कार्यालयात केसांची घट्ट वेणी घालणारी ती मुलगी मोकळ्या केसांनी कमरेतून झुलत होती. ती तिथे इतकी आपल्या घरी असल्यासारखी दिसत होती, की वरद नकळत चार पावले पुढे गेला... आणि गर्दीच्या भोवऱ्यात सापडून आडवा झाला.

एका श्वासाच्या आत त्याच्याभोवती वर्तुळ मोकळे झाले. चार-पाच दणकट हातांनी त्याला उभे केले. कवट्यांची माळ घातलेल्या त्या गृहस्थाने त्याचा चष्मा उचलून, स्वतःच्या सदऱ्याला पुसून, अदबीने त्याच्या नाकावर चढवला. मग पुन्हा सारे एकमेकांवर आदळू लागले.

पर्णिका धावत आली. “लागलं का?”

“सातवी सूचना,” तो धापा टाकत म्हणाला. “बरोबर आहे.” तिने त्याचा हात धरला होता. तो सोडायला दोघेही विसरले.

शनिवारी सकाळी, मस्कतचे तांबूस डोंगर समोर आले असताना, त्याने तिला कठड्यापाशी गाठले. आज त्याने टाय बांधला होता. त्याने आडवळणे न घेता सांगितले, की रुवी भागातील एका बांधकाम कंपनीत त्याची मुलाखत आहे. आपला कारखाना वर्षभरही टिकेल असे त्याला वाटत नव्हते, आणि मस्कतला जातो म्हणून रजा मागितली असती, तर मालकाने सगळा बेत ओळखला असता.

ती समुद्राकडे पाहत राहिली. वडिलांची नोकरी मागच्या वर्षी गेल्यापासून अजमानचे त्यांचे घर तिच्याच नोकरीवर उभे होते, हे तिने आदल्या दिवशीच बोलता बोलता त्याला सांगितले होते. “आणि त्यांनी इथेच थांब म्हटलं तर?”

“तर मी नाही म्हणेन.”

“का?”

“माझ्या अर्जावर तुमची सही आहे.”

उत्तर निर्दोष होते. तरीही तिला हवे होते ते हे उत्तर नव्हते. “जा मग,” ती हलकेच म्हणाली. “चार वाजता. घड्याळाखाली.”

साडेतीन वाजता ती घड्याळाखाली येऊन उभी राहिली. जहाज पाचला सुटणार होते. चार वाजले, सवा चार वाजले. किनाऱ्यावर गेलेले लोक लोबानाच्या पुड्या आणि उन्हाने लाल झालेली नाके घेऊन परतले. साडेचारला तिला राहवेना. तिने स्वागतकक्षात जाऊन अन्वरीला, तेथील हसऱ्या मुलीला, विचारले. सर्व प्रवाशांचे पासपोर्ट जहाजाच्याच ताब्यात असत. अन्वरीने यादी पाहिली.

“मिस्टर चौबळ? नहीं आये. और... सुबह पासपोर्ट ले के गये हैं.”

किनाऱ्यावर तास-दोन तास फिरायला पासपोर्ट लागत नसे.

पर्णिका परत घड्याळाखाली गेली, कारण दुसरीकडे कोठे जावे हे तिला सुचेना. सोमवारी मुश्ताकच्या टेबलापुढे एकटीने उभे राहणे, मग घरी जाऊन आईला सांगणे – सारे तिने एकेक करून डोळ्यांपुढे आणले. मात्र त्या साऱ्या चित्रांच्या मधून, काहीच कारण नसताना, तिला एक पेन दिसत होते. तिने लिहिलेल्या प्रत्येक ओळीशी भांडणारे आणि मग त्याच ओळीपुढे खूण करणारे. नोकरी दुसरी मिळेल कदाचित. असे भांडायला...

खाली शिडीचे दोर सोडू लागल्याचा आवाज आला. पाचला नऊ मिनिटे होती.

जिन्यावर बुटांचा खडखडाट झाला. टाय खांद्यावर उडालेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, असा वरद चौबळ दोन-दोन पायऱ्या चढत आला आणि घड्याळाखाली तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पासपोर्ट होता.

तिने आधी घड्याळाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. छातीवरचे ओझे एकदम उतरले म्हणजे हसू येते की रडू, हे तिला त्या क्षणी ठरवता आले नाही.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “त्यांना माझी मूळ कागदपत्रं पाहायची होती, म्हणून पासपोर्ट नेला. त्यांनी तो पाहिला आणि सरळ खणात टाकला. म्हणाले, आजपासूनच काम सुरू कर, परत जायची गरज नाही. मी तासभर वाद घातला.”

“वाद तर तुम्हाला येतो.”

“कराराचे नियम सांगितले, नीतीचे सांगितले, काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हटलं, तिकडे एक मुलगी घड्याळाखाली उभी आहे. त्यांनी खण उघडला.” त्याने चष्मा काढला. “माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा युक्तिवाद.”

“आणि नोकरी?”

“ती खणातच राहिली.”

जहाज अगदी हळू हलले. पायांखालची जमीन सुटते आहे, पण घाबरण्यासारखे काही नाही, असे वाटायला लावणारे ते हलणे होते.

“मग... सहीसाठी आलात?” तिने विचारले. स्वर थट्टेचा ठेवण्याचा तिने प्रयत्न केला. तो फारसा साधला नाही.

“ते एक कारण.” त्याने खिशातून तिचाच कागद काढला; घड्या पडलेला, घामाने ओलसर झालेला. “पण हा मजकूर अपुरा होता. नऊ सूचना म्हणजे काही संख्या नव्हे. टॅक्सीत बसून मी दहावी लिहिली.”

तिने कागद हातात घेतला. नेहमीची रेखीव अक्षरे येथे मात्र धक्क्यांनी वेडीवाकडी झाली होती –

‘१०. ज्याच्यासाठी परत यावेसे वाटेल, असे कोणीतरी जहाजावर असावे.’

पर्णिकेने ते दोनदा वाचले. मग त्याच्या हातातील पेन घेतले आणि दहाव्या सूचनेपुढे बरोबरची खूण केली.

“हरकत काही नाही?” त्याने विचारले.

“एकच. हे तू काल लिहायला हवं होतंस.”

त्या ‘तू’वर त्याने हरकत घेतली नाही. वरच्या डेकवर कोणीतरी ड्रमवर पहिली थाप मारली. तिने खिशातून बोळ्यांची डबी काढली, दोन त्याला दिले, दोन स्वतः घेतले. आणि ते दोघे क्षितिजाकडे तोंड करून, सूचनांप्रमाणे, ध्वनिनियंत्रकाच्या मागे जाऊन उभे राहिले.

सोमवारी सकाळी मुश्ताकने दोन्ही पासपोर्ट तिजोरीत ठेवले आणि परत आल्याची नोंद करण्यासाठी दोन्ही अर्ज बाहेर काढले. त्याने दोघांच्या सारख्याच भाजलेल्या नाकांकडे पाहिले; मग दोघांच्या मनगटांवरील, कात्रीशिवाय न निघणाऱ्या, एकाच जहाजाच्या काळ्या पट्ट्यांकडे पाहिले. त्याचा हात हवेत थांबला. आपण काय करून ठेवले होते, ते त्याच्या ध्यानात येऊ लागले होते.

“दोनों... एक ही जगह? और गॅरंटी एक दूसरे की?”

“वापस आ गये ना, मुश्ताकभाई,” पर्णिका म्हणाली.

मुश्ताकने एक मोठा सुस्कारा सोडला आणि ‘अल्हमदुलिल्ला’ म्हणत शिक्का उचलला.

“एक मिनिट,” वरद म्हणाला. “या अर्जात एक चूक राहिली आहे.”

कार्यालयीन कागदावर त्याने आजवर कधी खाडाखोड केली नव्हती. त्याने पर्णिकेचा अर्ज पुढे ओढला, ‘काही नाही’ या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली, नियमाप्रमाणे शेजारी छोटी सही केली, आणि पेन तिच्याकडे दिले. रकाना पुन्हा रिकामा होता.

या वेळी तिने तो वाचला. ‘जामीनदाराशी नाते’. मग त्यापुढे, घाई न करता, मराठीत एकच शब्द लिहिला.

मुश्ताकने कागद उलटसुलट फिरवून पाहिला. ही अक्षरे त्याला वाचता येत नव्हती. “क्या लिखा है?”

वरदने चष्मा काढून हातात धरला होता.

“लवकरच,” त्याने तिचा शब्द वाचून दाखवला, आणि त्याचा अर्थ हिंदीत सांगितला.

मुश्ताकने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “इन्शाल्ला,” तो म्हणाला, आणि त्याने शिक्का मारला.