कृमी कुणाच्या घरचा?

मुलांनो, मनात एक टोपी आणा. ती डोक्यावर ठेवली की मेंदूच्या आतलं सगळं पडद्यावर दिसतं. नाव उजेडटोपी.

ही टोपी बोरखेडच्या शाळेत आली आणि फिट आलेल्या पोरांना कांदा हुंगवणं थांबलं. पाच मुलांच्या मेंदूत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या. प्रत्येक गाठीत फीतकृमीची अळी. औषधं लगेच सुरू झाली. पण गावाला आरोपी हवा होता.

"डुकरांचा रोग आहे हा," ग्रामसभेत सरपंच मालनकाकू म्हणाल्या. "सटवाजी, डुकरं आणि बिऱ्हाड, दोन्ही गावाबाहेर हलव."

डुकरं पाळणारा सटवाजी खाली मान घालून उभा राहिला. त्याची दहा वर्षांची रेवू मात्र उसळून उठली.

"सिस्टर, त्या पाचांतला दत्तू माळकऱ्याच्या घरचा. मटण शिवत नाही. मग त्याच्या डोक्यात अळी कशी?"

टोपी घेऊन आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं, तर कृमी आतड्यात वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून पडतात. त्यानं हात न धुता अन्नाला हात लावला, की अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून अळ्या रक्तातून मेंदूत."

"आणि डुकराला?"

"माणसाची उघड्यावरची घाण खाऊन."

"म्हणजे डुकराला आपणच देतो!" कुणीतरी फिस्सकन हसलं. रेवू हसली नाही. "काकू, सप्ताहाच्या पंगतीला कोशिंबिरीची काकडी चोचवायला घरटी एक माणूस बसतो ना?"

"बसतो. मान असतो तो."

"आमच्या घराला तो मान कधी दिलात? आमचा हात लागला तर पंगत बाटते म्हणता. मग ह्या पाच पोरांनी पंगतीत खाल्लेली कोशिंबीर कुणाच्या हातची होती?"

नर्सबाईंनी तपासणीच्या डब्यांचं खोकं टेबलावर ठेवलं. "शौचाचा नमुना द्यायचा. कृमी असेल तर डबी निळी होते. मग औषध देऊन तो काढता येतो. लाजण्यासारखं काही नाही."

"आमच्या घराण्याची तपासणी? चला रे!" मागून एक आवाज आला. माणसं टोप्या सावरत उठली.

"रेवे, गप बस," सटवाजी पुटपुटला.

"गप बसून घर राहतंय का, बाबा?"

तिनं खोकं उचललं, एक डबी बापाच्या हातात ठेवली, एक आपल्या खिशात घातली. मग धावत जाऊन दाराच्या उंबऱ्यात मांडी घालून बसली.

"आमच्या घरच्या झाल्या," ती म्हणाली. "आता एकेकानं आपली डबी घ्यायची, मगच बाहेर पडायचं. बोला, पुढं कोण?"